लाकडाच्या संताचा रंग कुणी खरवडला?

दर काही महिन्यांनी तीच छायाचित्रे पुन्हा फिरू लागतात. डावीकडे लाकडाचा जुना, तपकिरी, चिरा पडलेला संत, उजवीकडे तोच संत गुलाबी गालांचा आणि भडक निळ्या झग्यातला. खाली हसणाऱ्यांची रांग. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या रान्यादोइरो या चिमुकल्या वस्तीतल्या चॅपेलमधल्या पंधराव्या शतकातल्या मूर्ती २०१८ मध्ये अशाच जगभर पोचल्या. गावातल्याच एका बाईने, पॅरिशच्या फादरांची परवानगी घेऊन, संत आन्ना, पवित्र मरिया आणि बाळ येशू यांना आपल्याला आवडले ते रंग दिले होते. त्याच वर्षी नवारा प्रांतातल्या एस्तेया गावात संत जॉर्जची घोड्यावरची सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती अशीच रंगवली गेली आणि तिचा चेहरा खेळण्यातल्या बाहुल्यासारखा झाला. तेव्हापासून या विषयावरची चर्चा दोनच वाक्यांत संपते. एक म्हणतो, ‘अडाण्यांच्या हाती वारसा दिला की असेच होणार.’ दुसरा म्हणतो, ‘मूर्ती गावाची आहे, गाव काय वाटेल ते करील.’

मला ही दोन्ही वाक्ये मान्य नाहीत, आणि जे हसतात त्यांचा राग तर अधिक येतो, कारण त्यांना डावीकडच्या छायाचित्राबद्दल काहीच शंका येत नाही. रान्यादोइरोच्या मूर्ती रंगवण्याआधी जवळजवळ उघड्या लाकडाच्या दिसत होत्या. ते लाकूड पाहून जग हळहळले की पाहा, मध्ययुगाची साधी, पवित्र कळा कशी बुजवली. पण त्या मूर्ती घडल्या तेव्हा उघड्या लाकडाचा संत ही गोष्टच विरळा होती. मग मधल्या काळात त्यांचा रंग गेला कुठे? माझे म्हणणे असे आहे की काळजीच्या आणि सुरुचीच्या नावाखाली उत्तर-गॉथिक, म्हणजे मध्ययुगाच्या अखेरच्या घडणीच्या, संतमूर्तींचे जे नुकसान झाले, त्यात रंग चढवणाऱ्यांपेक्षा रंग खरवडणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. चढवणाऱ्यांची आपण टर उडवतो. खरवडणाऱ्यांच्या कामासमोर मात्र आवाज खाली करून उभे राहतो.

आधी ही मूर्ती घडते कशी ते पाहू. दक्षिण जर्मनीत लिंडनचे लाकूड वापरत. ते मऊ असते, पटाशीखाली लोण्यासारखे वळते, पण वाळताना फुटते, म्हणून मूर्ती मागून पोखरून पोकळ करायची. कोरीवकाम झाले की मूर्ती पुष्कळदा दुसऱ्या कारागिराकडे जाई. तो लाकडावर सरसाचे हात देई, वर खडूची भुकटी आणि सरस यांचे लेप एकावर एक चढवून, घासून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करी. मग तांबड्या मातीचा थर, त्यावर सोन्याचा वर्ख, तो दाताने किंवा गारगोटीने घोटून चमकवायचा. चेहऱ्याला सफेदा आणि हिंगूळ, झग्याच्या अस्तराला महाग निळा खनिज रंग. भरजरी कापड दाखवायचे तर कथलाच्या पातळ पत्र्यावर नक्षी उठवून ती मूर्तीवर चिकटवायची. हे काम कोरीवकामाइतकेच मानाचे होते आणि कित्येकदा अधिक खर्चाचे. रंग हा मूर्तीवर घातलेला कपडा होता असे आपण समजतो. त्या लोकांच्या लेखी रंग ही मूर्तीची कातडी होती. कातडी सोलून आत खरा माणूस सापडतो असे कुणी म्हणेल का?

या साऱ्या वादाची गाठ जिथे सर्वांत घट्ट बसली आहे ती मूर्ती म्हणजे म्युनरश्टाटची मग्दालीया मरिया, येशूची अनुयायी असलेली संत स्त्री. १४९० मध्ये जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या या छोट्या शहराच्या कारभाऱ्यांनी वुर्त्सबर्गचा मूर्तिकार तिल्मान रीमेनश्नायडर याला आपल्या चर्चच्या मुख्य वेदीचे काम दिले. वेदी म्हणजे इथे वेदीवर उभा केलेला, मूर्तींनी भरलेला आणि दारे असलेला लाकडी देव्हारा. दोन वर्षांत ते पुरे झाले. मधोमध मग्दालीया, पुरुषभर उंचीची. दंतकथा सांगते की आयुष्याच्या उत्तरार्धात ती रानात एकटी राहिली, वस्त्रे झिजून गेली तेव्हा केसांनीच तिचे अंग झाकले आणि देवदूत रोज तिला उचलून स्वर्गीय गाणे ऐकायला वर नेत. रीमेनश्नायडरने हे केस तिच्या सर्वांगावर लोकरीसारख्या वळ्यावळ्यांनी कोरले, चेहरा, स्तन आणि गुडघे तेवढे मोकळे. भोवती तिला अलगद उचलणारे देवदूत. चेहरा थकलेला आणि शांत, पापण्या जड. मी या मूर्तीची छायाचित्रे तासन्‌तास पाहिली आहेत. पश्चात्तापाचे इतके अबोल रूप मला दुसऱ्या कुठल्या लाकडात दिसलेले नाही.

आणि ही वेदी रीमेनश्नायडरने रंगवली नव्हती. लाकडावर एक पातळ, पारदर्शक, तपकिरीकडे झुकणारा लेप, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या, ओठांवर किंचित लाली, बस्स. सोने नाही, निळा नाही. रंगाशिवाय उभ्या राहिलेल्या जर्मन वेद्यांमध्ये ही अगदी सुरुवातीची. मग म्युनरश्टाटच्या लोकांनी काय केले? बारा वर्षे ती तशी पाहिली आणि १५०४ मध्ये फाइट श्टोसला बोलावून तिला रंग आणि सोने चढवून घेतले. श्टोस म्हणजे कुणी रस्त्यावरचा रंगारी नव्हे. पोलंडच्या क्राकाव शहरातली महावेदी उभारणारा तो त्या युगाचा दुसरा मोठा मूर्तिकार. आदल्याच वर्षी न्यूरेंबर्गमध्ये खोटा दस्तऐवज केल्याबद्दल त्याच्या दोन्ही गालांना डागण्या दिल्या होत्या, तिथून पळून तो म्युनरश्टाटला जावयाकडे आला होता. गालांवर ओले व्रण असलेला तो माणूस पश्चात्ताप करणाऱ्या संत स्त्रीच्या गालांना रंग देत बसला असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रीमेनश्नायडरला वेदीचे १४५ गुल्डेन, म्हणजे त्या काळची नाणी, मिळाले होते. श्टोसला रंगकामाचे आणि वेदीच्या दारांमागे संत किलियनच्या कथेची चार चित्रे काढण्याचे मिळून २२० मिळाले.

पुढे बरोक काळात ती वेदी मोडली. तिचे भाग विखुरले, आणि श्टोसचा रंग त्या मूर्तींवर राहिला नाही, तो उतरवला गेला. आज मग्दालीया म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच वेदीतले चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे संत, बर्लिनच्या बोडे संग्रहालयात. संत किलियन आणि संत एलिझाबेथ यांच्या मूर्ती गावात उरल्या आहेत. चर्चमधल्या वेदीत त्यांच्या शेजारी, गेलेल्या मूर्तींच्या जागी नकला उभ्या आहेत.

इथे माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रीमेनश्नायडरला उघडे लाकूडच हवे होते ना? मग श्टोसचा रंग काढणे म्हणजे मूळ कलावंताला न्याय देणेच नव्हे का? हा मुद्दा पोकळ नाही. ज्या बारकाईने त्याने केस, कातडी आणि कापड यांचा पोत पटाशीच्या टोकाने वेगवेगळा केला आहे, ती बारकाई खडूच्या लेपाखाली बुडाली असती. रोथेनबुर्गची पवित्र रक्ताची वेदी त्याने अशीच रंगाविना ठेवली आणि ती तशीच राहिली. त्याहून बोलका पुरावा खुद्द श्टोसच्या घरातून येतो. म्हातारपणी त्याने आपल्या मुलासाठी, न्यूरेंबर्गच्या कार्मेलाइट मठाचा प्रमुख असलेल्या आंद्रेआससाठी, जी वेदी कोरली ती रंगवलेली नव्हती, आणि आंद्रेआसने मागे सूचना ठेवली की कुणाही प्रमुखाने ही वेदी सहजासहजी रंगवून घेऊ नये, का ते जाणकार कारागीर सांगतील. म्हणजे ज्या हाताने मग्दालीयाला सोने लावले त्याच हाताला उघड्या लाकडाची थोरवी कळलेली होती.

हे सगळे मी मान्य करतो. तरी त्यातून खरवडण्याचा परवाना निघत नाही. पहिली गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. रंग काढताना तो एकटा निघत नाही. क्षार आणि पात्या श्टोसचा थर तेवढा ओळखून थांबत नाहीत, त्याखालचा रीमेनश्नायडरचा पातळ लेपही त्यांच्यापुढे टिकत नाही. त्या लेपाचे आणि रंगवलेल्या बाहुल्यांचे जे ज्ञान आज आपल्याला आहे, ते खाचाखोचांत वाचलेल्या कणांवरून पुढे तज्ज्ञांनी जुळवलेले आहे. ‘मूळ’ शोधायला निघालेल्यांनी दोन्ही थोर कारागिरांचे काम एकाच वेळी पुसले आणि उरले ते लाकूड, जे १४९२ मध्येही कुणी असे पाहिले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की आंद्रेआस श्टोसची सूचना रंग चढवण्याबद्दल सावध राहायला सांगते. चढलेला रंग उतरवा असे ती कुठेही म्हणत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: म्युनरश्टाटच्या लोकांना आपण आपोआप अडाणी का ठरवतो? बारा वर्षे त्यांनी त्या मूर्तीपुढे प्रार्थना केली होती. अंधाऱ्या गाभाऱ्यात, मेणबत्तीच्या उजेडात, मागच्या बाकावरून त्यांना तपकिरीत तपकिरी दिसत असणार. त्यांनी विचार केला, कोरणाऱ्यापेक्षा जास्त पैसा मोजला आणि त्या काळी मिळू शकणारा सर्वांत चांगला माणूस आणला. एखाद्या गावाने आपल्या संतासाठी याहून अधिक जबाबदारीने काय करायला हवे होते?

तपकिरी लाकूड सुंदर वाटण्याची आपली सवयच मुळी दोन-अडीचशे वर्षांची आहे. अठराव्या शतकातल्या विंकेलमान या जर्मन कलाभ्यासकाने ग्रीक संगमरवराच्या पांढरेपणावर भक्ती जडवली आणि युरोपची अभिरुची त्या पांढरेपणाच्या मागे गेली. ग्रीक मूर्ती रंगवलेल्या होत्या हे पुरावे सांगत राहिले तरी डोळे ऐकेनात. या डोळ्यांनी १९३७-३८ मध्ये ब्रिटिश संग्रहालयात काय केले ते प्रसिद्ध आहे. पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी नवे दालन बांधून देणाऱ्या धनिकाला ती अधिक पांढरी हवी होती, म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या खरखरीत घासणीने ती घासली गेली. तीही माणसे तज्ज्ञांच्या छताखालीच काम करत होती. गॉथिक लाकडाच्या वाट्याला याच अभिरुचीची धाकटी बहीण आली: लाकूड लाकडासारखे दिसले पाहिजे, रंग म्हणजे बाजारूपणा, सोने म्हणजे खेडवळपणा. असे म्हणून मूर्ती क्षाराच्या पाण्यात भिजवल्या, खरवडल्या आणि वर गडद मेण चोळून त्यांना ‘जुने’ केले. रान्यादोइरोच्या बाईने आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे संताला रंगवले. त्या गृहस्थांनी आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे संताला सोलले. फरक एवढाच की तिने लावलेल्या रंगाखाली काय होते ते निदान शोधता येते.

आता कुणी म्हणेल, आजचे संवर्धन तसे राहिलेले नाही, मग जुने मुडदे का उकरता? खरे आहे, आजचे चांगले संवर्धक सूक्ष्मदर्शकाशिवाय बोट लावत नाहीत. क्राकावची श्टोसची महावेदी २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे संवर्धनात होती आणि तिचे सोने-निळे वैभव पाहून आज कुणालाही ती भडक वाटत नाही. पण ‘मूळ रूप’ या शब्दाची भुरळ अजून गेलेली नाही. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलमध्ये सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, पिढ्यान्‌पिढ्या काळी मरिया म्हणून पुजलेली मूर्ती आहे. गेल्या दशकात कॅथेड्रलच्या मोठ्या जीर्णोद्धारात तिला गोरी केली गेली. कारण काय, तर काळेपणा नंतरचा आहे. असेल. पण ज्यांनी काळ्या मरियेपुढे गुडघे टेकले त्यांचा तो काळेपणा काय फक्त काजळी होती?

या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्नने दोन शतकांपूर्वीच दिलेले आहे. तिथली मरिया पंधराव्या शतकातली, उत्तर-गॉथिक घडणीची. चॅपेलमधल्या मेणबत्त्या आणि दिवे यांच्या धुराने तिचा चेहरा आणि हात काळे पडले होते. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या तेव्हा तिला वाचवण्यासाठी बाहेर हलवले आणि १७९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ब्लुडेन्झला एका कारागिराने ती स्वच्छ केली. काजळीखालून माणसाच्या कातडीचा रंग निघाला. तांत्रिक अर्थाने ‘मूळ रूप’ सापडले होते! पण लोक अशा मरियेला ओळखणार नाहीत हे सर्वांना कळत होते. म्हणून तिला पुन्हा काळा रंग दिला गेला, आणि ती आजही काळी आहे. धुराने नकळत केलेले काम माणसांनी समजून उमजून पुन्हा केले. मला हा निर्णय अत्यंत प्रामाणिक वाटतो. त्यात आधीच्या रंगाचा शोध लागला, त्याची नोंद झाली, आणि तरीही मूर्तीचे जे आयुष्य लोकांनी तिला दिले होते त्याला बाहेर काढले गेले नाही.

तर मग गावाला वाटेल ते करू द्यावे का? नाही, आणि इथे मी दुसऱ्या बाजूच्या सोप्या वाक्यालाही विरोध करतो. श्टोस आणि दुकानातला रंग यांत फरक आहे. आजचा तयार रंग जुन्या थरांना घट्ट चिकटतो, लाकडाला श्वास घेऊ देत नाही, आणि काढताना खालचे जुने थर घेऊन येतो. एस्तेयाच्या संत जॉर्जचे हेच झाले. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी त्याला बराचसा पूर्वपदावर आणला, त्याला तीस हजारांहून अधिक युरो लागले, तरी जुन्या रंगाचा काही भाग कायमचा गेला. त्या मूर्तीवर रंगाचा मूळचा थर बऱ्यापैकी शाबूत होता, म्हणून तिची हानी रान्यादोइरोपेक्षा मोठी मानली पाहिजे. मालकीचा युक्तिवादही फार ताणता येत नाही. १५३१ मध्ये उल्म शहराने आपल्याच महाचर्चमधल्या साठेक वेद्या बाहेर काढल्या, तोही शहराचाच निर्णय होता. १८०३ नंतर जर्मन प्रदेशांतले मठ सरकारजमा झाले तेव्हा कित्येक संत जळाऊ लाकडाच्या भावाने गेले. संग्राहक आणि संग्रहालये नसती तर आज वाद घालायलाही मूर्ती उरल्या नसत्या. गाव नेहमी बरोबर असते असे इतिहास म्हणत नाही.

पण गावाला एकटे सोडून नंतर त्याच्यावर हसायचे, हे त्याहून वाईट. डोंगरातल्या एखाद्या वस्तीच्या चॅपेलमध्ये पंधराव्या शतकातली मूर्ती असते. तिची पाहणी करायला कुणी येत नाही, वाळवी लागली तर कुणाला कळवायचे ते कुणी सांगत नाही. ती मूर्ती झाडून पुसून, फुले घालून पाचशे वर्षे जपते ते गावच. मग ज्या दिवशी गावातले कुणी हाती ब्रश घेते त्या दिवशी अख्ख्या जगाला वारशाची आठवण होते. ज्या बाईने मूर्ती रंगवल्या तिला त्या सुंदर व्हाव्यात असे वाटत होते. ही इच्छा म्युनरश्टाटच्या कारभाऱ्यांच्या इच्छेहून वेगळी नाही. त्यांना श्टोस सापडला, तिला कुणीच सापडले नाही. प्रश्न विचारायचा तर तो असा विचारावा: तिच्यापर्यंत जाणकार माणूस का पोचला नाही? एस्तेयाला मागाहून जो पैसा लागला, त्याच्या लहानशा भागात अशा कितीतरी चॅपेलांत वर्षातून एकदा संवर्धक पाठवता आला असता.

हे सगळे युरोपातले आहे, पण मला ते दूरचे वाटत नाही. मी वसईच्या कॅथलिक घरातला. आमच्याकडे सणाआधी संताच्या पुतळ्याला रंगाचा हात देणे हा तयारीचाच भाग असतो, जसा कुंपणाला चुना. गोव्यात गावोगावच्या चॅपेलांत हेच चालते, आणि जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात गेले की तिथल्या कारागिरांनी लाकडात आणि हस्तिदंतात कोरलेले संत पाहून कळते की त्या चकचकीत ऑइलपेंटखाली केवढे हात दडलेले असू शकतात. हिंदू शेजाऱ्यांनाही हा पेच ओळखीचा आहे. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर उतरला आणि देवीचे आतले रूप दिसले, तेव्हा तोच प्रश्न माझ्या मनात आला: खरी देवी कोणती, शेंदराआडची की भक्तांनी शेंदरातच पाहिलेली? त्या कामाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच की असा प्रश्न ‘मूळ’ हा एक शब्द उच्चारून सुटत नाही.

आमच्या आळीतल्या छोट्या चॅपेलमध्ये संत अंतोनीचा हातभर उंचीचा लाकडी पुतळा आहे. गेल्या वर्षी सणाआधी रंगाचा डबा आला होता. पुतळ्याच्या तळाशी, टाचेजवळ एक टवका उडालेला आहे. तिथे बोट धरून मी रंगवणाऱ्या पोराला दाखवले: वर तपकिरी, खाली निळा, त्याखाली हिरवट, आणि अगदी आत, नखाएवढ्या जागेत, काहीतरी सोनेरी. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने म्हाताऱ्या माणसांना हाक मारली, त्यांनीही पाहिले. एक आजी म्हणाली, तिच्या लग्नात अंतोनी निळा होता. त्या वर्षी पुतळा नुसता मऊ फडक्याने पुसला. डबा वापरला कुंपणाच्या फाटकाला.